खंडेनवमीचा राउटर

नवरा दारूनं बिघडला असता तर माहेरी सांगायला तरी बरं पडलं असतं. माझा नवरा राउटरनं बिघडला. धर्माबादला आईला फोन करून सांगितलं, तर ती आवाज खाली करून म्हणाली, "कोण हाय गं ती? नांदेडचीच हाय का?"

आता काय बोलावं! राउटर म्हणजे घरोघरी भिंतीला टांगलेला असतो तो डबा. वर शिंगं, पुढं लुकलुकणारे दिवे. बाहेरून आलेलं इंटरनेट ज्याचं त्याच्याकडं पोचवतो. त्या डब्यापायी अख्खा पावसाळा माझ्या घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याला मी तोंडावर अहो-जाहो करते. इथं मात्र 'तो' म्हणणार, कारण माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

तर दयानंद. नांदेडात एका केबलवाल्याकडं कामाला होता. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, लोकांच्या घरी नेट चालू करून द्यायचं. उन्हाळ्यात मालकानं धंदा विकला, नव्या मालकानं आपली माणसं आणली आणि दयानंद घरी बसला. त्याचा दोस्त सर्वेश लातूरला एका इंटरनेट कंपनीत आहे. त्यानं फोन केला. म्हणाला, "आमच्याकडं एक जागा निघालीय. साहेबाला तुझं नाव सांगितलंय. पण नेटवर्किंगची परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट दाखवावं लागतं. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला साहेब. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही."

एवढंच होतं सगळं. दिवाळीच्या आत पास झाला तर लातूर, नाही झाला तर बिस्तरा गुंडाळून कंधारकडं गावाला. गावाला मी नाकं मुरडत नाही. पण तिथं धाकटा दीर शिवम शेत सांभाळतो, चांगलं सांभाळतो. थोरल्यानं जाऊन त्याच्या हाताखाली उभं राहायचं, हे दयानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तो बोलून दाखवत नव्हता, पण ताटावर बसल्या बसल्या त्याचा पाय हलत राहायचा आणि मला कळायचं.

अभ्यास त्यानं केला, खोटं कशाला बोलू. पुस्तक तोंडपाठ. पण ह्या परीक्षेत नुसत्या पाठांतरानं भागत नाही म्हणे. राउटरला हुकूम टाइप करून द्यायचे, ह्या रस्त्यानं जा, त्या रस्त्यानं जाऊ नको, हे सांगायचं. त्याला हात बसावा लागतो. हात बसायला राउटर हवा. आणि इथंच माशी शिंकली.

"साधा घरगुती घेतला तर त्याला हुकूमच कळत न्हाईत," तो म्हणायचा. "ऑफिसातला घेतला तर लई जुना मिळतो. मधला एक हाय, छोटा डबा, पण परीक्षेत त्याची भाषा येत न्हाई."

"मग?"

"बघून राहिलो ना."

बघून राहिलो! हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की शिलाई मशीनचा आवाजसुद्धा मला तसाच यायला लागला. मी ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत माझं टेबल आहे, त्याच्या अर्ध्यावर मशीन आणि अर्ध्यावर ह्याचा लॅपटॉप. दिवाळीची कामं डोक्यावर, गिऱ्हाईक बाया दारात, आणि हा माणूस त्या अर्ध्या टेबलावर व्हिडिओ लावून बसलेला. कुणीतरी राउटर उलटा करून दाखवतंय, कुणीतरी सुलटा करून दाखवतंय. हा उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा, परत बसायचा. कापड कापताना माझी कात्री एकदा चुकली ती त्याच्या येरझाऱ्यांनी.

बरं, सल्ला देणारे काय कमी! खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड गुरुजी म्हणाले, महागातला घ्या, टिकतो. दयानंदचा कामावरचा जुना जोडीदार म्हणाला, दोन घे, एकाला दुसरा जोडल्याशिवाय मजा नाही. शिवमनं गावाकडून फोनवर सांगितलं, "दादा, ट्रॅक्टर घेताना आपण एवढं बघितलं नव्हतं." तेवढ्यापुरता मला दीर लई आवडला.

शेवटी एका रविवारी आम्ही लातूरला गेलो. तिथं रामलिंग नावाच्या दुकानदाराकडं ऑफिसातून निघालेलं जुनं सामान मिळतं, त्यात परीक्षेला चालेल असा राउटर आहे, असं ह्याला कळलं होतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, बसमध्ये हा एकदाही टेकून बसला नाही.

रामलिंगनं कपाटाखालून एक लोखंडी धूड काढलं आणि चालू केलं. अगं आई गं, काय तो आवाज! आतला पंखा असा घरघरला की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. पण दयानंदच्या तोंडावर उजेड पडला. त्यानं मागून बघितलं, पुढून बघितलं, एकेक भोकात बोट घालून बघितलं. मी मनात म्हटलं, घे बाबा, घे. कानात कापूस घालून शिवीन मी ब्लाऊज.

"ह्याला लॅपटॉपशी जोडायची खास तार असती. ती कुठाय?" त्यानं विचारलं.

"तार न्हाई. पण बाजारात मिळती की कुठंबी," रामलिंग म्हणाला.

दयानंदच्या तोंडावरचा उजेड गेला. "बघतो मग," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. तार मिळती म्हणतोय तो माणूस, तरी उतरला! रामलिंगनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवी उचलून मागोमाग उतरले.

बसस्टँडवर सर्वेश भेटायला आला होता. चहा हातात घ्यायच्या आत त्यानं विचारलं, "परीक्षेची तारीख घेतली का?"

"आधी राउटर घेतो. मग तारीख."

सर्वेशनं कप खाली ठेवला. "अरे बाबा, राउटर नसला तरी अडतंय कुठं? सिम्युलेटर आहे ना! मी त्याच्यावरच शिकलो." मग माझ्याकडं वळून त्यानं समजावलं, "वहिनी, लॅपटॉपवरच असतं ते. पडद्यावर राउटर मांडायचे, तारा जोडायच्या, आणि खऱ्याला देतो तेच हुकूम द्यायचे. फुकट आहे."

"ते खोटं हाय," दयानंद म्हणाला. "चित्रातल्या बैलानं नांगरट होती का?"

सर्वेश हसला. मला काही हसू आलं नाही. परतीच्या बसमध्ये मी तोंडाचा पट्टा सोडला. "सर्वेशभावजी जागा धरून बसलेत तिथं, आणि तुम्हाला तारेचं पडलंय! तुम्हाला परीक्षाच द्यायची नाही, सरळ सांगा ना. राउटर घ्यायचा नाही म्हणून परीक्षा नाही, परीक्षा नको म्हणून राउटर नाही."

पुढच्या सीटवरची म्हातारी मागं वळून ऐकायला लागली. दयानंद खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खंडेनवमीच्या आत घेतोच मी. काहीबी होवो."

"खंडेनवमीच्या आत का? सेल संपतो म्हणून?"

त्यानं खिडकीची काच ओढून घेतली. "हाव," म्हणाला, "तसंच समज."

मी तसंच समजले. दसऱ्याच्या तोंडावर मोबाईलवर सगळ्यांचेच सेल लागतात. आणि खरंच, आठवड्याभरात त्यानं एक राउटर मागवला. मधला, छोटा डबा. मी देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर हा गॅलरीत पाठमोरा उभा.

"काय झालं?"

"रद्द केला. एकजण म्हणून राहिला, परीक्षेला त्याचा काही उपयोग न्हाई."

माझ्या हातात कुणाचंतरी मखमलीचं कापड होतं म्हणून वाचला. पण त्या दिवशी मशीन मी असं चालवलं की खालून गुरुजींनी विचारलं, भूकंप झाला का म्हणून.

खंडेनवमीला आम्ही गावी गेलो. आमच्या सासरी ह्या दिवसाचं मोठं असतं. ज्याच्या जिवावर वर्षभर खायचं, ते ज्याचं त्यानं धुऊन-पुसून ओसरीवर मांडायचं. त्याची पूजा करायची, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. तेवढाच त्यांनाही आराम.

मांडायची रीतही ठरलेली, वयाप्रमाणं. सगळ्यात आधी सासऱ्यांचा विळा. दगडोबा त्यांचं नाव, मी त्यांना मामा म्हणते. त्याच्याशेजारी सासूबाईंचं, कस्तुराबाईंचं, खुरपं. त्यांना मी आत्या म्हणते. मग थोरल्याची जागा, मग थोरल्या सुनेची, म्हणजे माझी कात्री, मग शिवमचे ट्रॅक्टरचे पाने. ट्रॅक्टर झेंडूची माळ घालून अंगणात उभा. चुलत सासरे महादेवप्पा पंचा खांद्यावर टाकून बघायला येऊन बसलेले.

मी कात्री ठेवली. शिवमनं पाने ठेवले. आत्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि खुरप्याच्या नि कात्रीच्या मधल्या रिकाम्या फरशीकडं बघत राहिल्या.

"दया," त्या म्हणाल्या, "तुझं काय हाय रं यंदा?"

दयानंद खांबाला टेकून उभा होता. खांबाचा रंग नखानं खरवडत राहिला. मागच्या वर्षी त्यानं तिथं तारेची टोकं बसवायची पक्कड ठेवली होती. ती केबलवाल्याची होती, काम सुटलं तशी परत गेली. आणि तिथं उभ्या उभ्या मला लख्ख कळलं, खंडेनवमीच्या आत म्हणजे काय ते. सेल नव्हता मेला. ही फरशी होती. बापाच्या ओळीत आपल्या जागेवर ठेवायला ह्या माणसाकडं काही नव्हतं, आणि ते काहीतरी परीक्षेत चालणारं, भारी, खरं, कुणी बोट दाखवणार नाही असं असावं म्हणून हा पावसाळाभर तडफडत होता.

कळल्यावर मला कीव यायला पाहिजे होती. मला आणखीच राग आला. एवढं होतं तर बोलायचं ना! बायको काय परकी आहे?

तेवढ्यात महादेवप्पा म्हणाले, "मोबाईल ठिव की! दिसभर तेच तर करतोस." पोरंटोरं हसली. शिवमनं मान खाली घातली. दयानंदचे कान लाल झाले, आणि माझं डोकं फिरलं. कुणावर फिरलं ते आजही सांगता येणार नाही. महादेवप्पांवर, नवऱ्यावर, त्या रिकाम्या फरशीवर. आत्यांच्या ताटातली एक सुपारी मी उचलली आणि त्या जागेवर टणकन आपटली.

"हा घ्या तुमच्या लेकाचा राउटर! करा पूजा!"

हसणारी पोरं आत पळाली. सासरी, सणाच्या दिवशी, सासऱ्यासमोर मी हे बोलले होते. मी पदर डोक्यावर ओढला. दयानंद माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यानं मला आणखी मेल्यासारखं झालं.

मामा उठले. मला वाटलं, आता बाहेर जातील नाहीतर मला घालवतील. त्यांनी ताटातलं विड्याचं पान घेतलं, धोतराला पुसलं, सुपारी उचलून पान खाली सारलं आणि सुपारी पानावर नीट ठेवली.

"काय नाव म्हणलीस गं ह्याचं?"

"राउटर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मामा दयानंदकडं वळले. "काय काम करतं हे?"

"बाबा, जाऊ द्या. सुपारी हाय ती."

"ते दिसतंय मला. काम काय करतं, इचारतोय."

दयानंद खांबापासून पुढं आला. "वाट दाखवतं. लांबून निरोप येतो, त्याला कुठून जायचं ठावं नसतं. हे सांगतं, हिकडून जा."

"चांगलं काम हाय," मामा म्हणाले. हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ वाहिले, झेंडूचं एक फूल ठेवलं. विळ्याला जेवढं केलं तेवढंच सगळं, कशात कमी नाही.

"पण बाबा, खोटंच हाय ना ते," दयानंद म्हणाला.

मामांनी हात जोडता जोडता त्याच्याकडं बघितलं. "सत्यनारायणाला गणपती म्हणून काय मांडतो रे आपण? सुपारीच ना? मग तवा लागती ती पूजा, आन आज लागत न्हाई व्हय?" एवढं बोलून ते वाकले आणि त्यांनी ओळीपुढं कपाळ टेकलं. विळ्यापुढं, खुरप्यापुढं, सुपारीपुढं. त्यांच्यामागं आत्या वाकल्या, शिवम वाकला, महादेवप्पांनीसुद्धा पंचा सावरत डोकं टेकलं. सगळ्यांत शेवटी दयानंद वाकला, आणि बराच वेळ उठला नाही.

त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. मीही कुठल्या तोंडानं बोलणार? पण त्याचा पाय हलत नव्हता. जेवताना मी तीनतीनदा बघितलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचललं. सुपारी तेवढी पानावर राहिली. मामा म्हणाले, "दया, तुझं उचल. कामाला लाव." त्यानं ती उचलून शर्टाच्या खिशात टाकली.

नांदेडला आल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. मी तिरक्या डोळ्यानं बघत होते. व्हिडिओ नाही, दुकान नाही. पांढऱ्या पडद्यावर त्यानं एक राउटर मांडला, मग दुसरा, त्यांच्यामध्ये तार ओढली आणि टाइप करायला लागला. सुपारी लॅपटॉपशेजारी, माझ्या दोऱ्याच्या रिळांत.

"चित्रातला बैल?" माझ्यानं राहवलं नाही.

"चालतोय," तो म्हणाला. मग बोटं न थांबवता म्हणाला, "तू आपटलीस म्हणून. न्हाईतर मी अजून बघूनच राहिलो असतो."

दोन दिवसांनी त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. परीक्षेची तारीख होती, दिवाळीच्या अलीकडची, केंद्र लातूरचं. "तू दाब. आपटलीस तूच, आता हेबी तूच कर."

मी दाबलं. आणि त्याची सगळी तगमग त्या बटणातून माझ्या अंगात आली बघा. तो गपचूप हुकूम टाइप करतोय आणि येरझाऱ्या मी घालतेय. बाही उलटी लावली एका बाईची. दोनदा दूध उतू गेलं. खालच्या गुरुजींनी ह्या खेपेला काही विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारात त्याला खिसे रिकामे करायला लावले. मोबाईल, पाकीट, रुमाल, सगळं. त्यानं शर्टाच्या खिशातून सुपारी काढली, जरा घुटमळला, आणि माझ्या हातात दिली. "सांभाळ," म्हणाला आणि आत गेला.

मी जिन्यात बसले. उठले. खाली जाऊन आले. परत बसले. सर्वेशचा फोन येऊन गेला, आईचा येऊन गेला, तिला अजूनही ती राउटर नावाची बाई गेली का ते हवं होतं. मी कुणाशी धड बोलले नाही. पास नाही झाला तर? परत ती फरशी, परत तो रिकामा चौकोन, आणि ह्या खेपेला मामा तरी काय ठेवणार? ह्या परीक्षेत निकाल तिथल्या तिथं पडद्यावर येतो म्हणे. म्हणजे दारातून बाहेर येणारा माणूस निकाल घेऊनच येणार.

दार उघडलं. दयानंद आला. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

"माझा राउटर दे."

मी मूठ उघडली आणि माझीच जीभ चावली. सुपारी अर्धीच होती. बसल्या बसल्या कुरतडून कुरतडून अर्धी मी कधी पोटात घातली, देवाशपथ मला कळलं नव्हतं. दाढ ठणकत होती, तीही आत्ता कळली.

त्यानं माझ्या तळहाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पास होऊन लवकर आलो म्हणून एवढा तरी उरला," तो म्हणाला. "अजून जरा बसवलं असतं तर सगळाच खाल्ला असतास."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी मी तिथंच जिन्यात भोकाड पसरलं. येणारी-जाणारी पोरं बघायला लागली, तोही डोळे पुसत हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं मामांना फोन लावून माझ्या कानाला दिला.

"मामा," मी हुंदक्यातून म्हटलं, "पास झाले हो!"

"हाव?" मामा म्हणाले. पलीकडं त्यांनी आत्यांना हाक मारून सांगितलं. मग मला म्हणाले, "बरं झालं. आता त्यो राउटर तेवढा नीट जपून ठिवा म्हणावं. फुडच्या खंडेनवमीला लागंल."